यादीतला नंबर

"कंपन्या एक झाल्या की पायलटला फक्त ज्येष्ठतेच्या यादीतला आपला नंबर दिसतो," सोसायटीतले निवृत्त कॅप्टन काका आज सहज बोलून गेले. दिवसभर तेच डोक्यात.

त्या नंबरावर सगळं ठरतं. विमान कुठलं, बेस कुठला, सणाला घरी की आकाशात.

मग अमेरिकेतल्या यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्यांबद्दल वाचत बसले. विलीनीकरण २००५चं. दोन्हीकडच्या पायलटांची राष्ट्रीय युनियन एकच, अल्पा. म्हणजे भांडणारे दोघेही तिचेच सभासद! २००७मध्ये लवादाने दोघांची मिळून एक यादी लावली. तिच्यात खाली गेलेले यूएस एअरवेजचे जुने पायलट इतके भडकले, की २००८मध्ये मतदान झालं आणि अल्पालाच नारळ मिळाला. आली कंपनीपुरती नवी युनियन. तरी ज्येष्ठतेचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात राहिला.

आपल्याकडे एक झालेल्या एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांच्या युनियन वेगळ्या होत्या. तरी २०१२मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कुणाला, यावरून संप झालाच.

मला वाटतं, पगार आणि सुरक्षिततेसाठी मोठी युनियन हवीच. पण यादीत एकाला वर घेतलं की दुसरा खाली जाणारच, तिथे ती कुणाची बाजू घेणार? लवाद नेमला हे बरोबरच. पण हरलेल्यांची संख्या जास्त असेल तर निकाल पाळायला कोण लावणार?