आमची वाटचाल: जुन्या ट्रेलरच्या खिडक्या

अमेरिकेत इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. गाडीमागे जोडून न्यायची राहायची घरं, म्हणजे ट्रेलर, आणि स्वतःचं इंजिन असलेली मोटरहोम या देशात जितकी बनतात, त्यातली बहुतेक याच परिसरात बनतात. आमचं वर्कशॉप गावाच्या कडेला आहे, पण आम्ही नवीन काही बनवत नाही. पन्नास-साठच्या दशकातले ट्रेलर दुरुस्त करतो, आणि त्यातही मुख्य काम खिडक्यांचं. गळणारी खिडकी काढायची, मागचं लाकूड नीट करायचं आणि खिडकी पुन्हा पक्की बसवायची.

मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात बाबांचं पत्र्याचं काम होतं, त्यामुळे पत्रा, रिव्हेट, भेगा भरायची लांबी हे शब्द शाळेच्या आधीपासून कानावर. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन इकडे आले आणि आम्ही नवरा-बायको दोघंही ट्रेलरच्या कारखान्यात लागलो. मग २००८ ची मंदी आली. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला एल्कहार्ट परिसरातली बेरोजगारी पंधरा टक्क्यांच्या वर गेली; फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः इथे येऊन गेले. आमच्या नोकऱ्याही गेल्या. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून इथेच थांबता आलं. नवा ट्रेलर घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते, पण आजोबांच्या काळातला ट्रेलर कोठारात पडलेला असायचा. तो बाहेर काढला की पहिल्याच पावसात कळायचं, खिडक्या गळताहेत. आमचा धंदा तिथून सुरू झाला.

गळती का होते ते सांगते, कारण आमचं सगळं काम त्यावर उभं आहे. त्या काळच्या साध्या ट्रेलरला आत पाइनच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा असतो, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून प्लायवूड. खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीची कड पत्र्यावर टेकते आणि स्क्रू पत्र्यातून थेट लाकडात जातात. कड आणि पत्रा यांच्यामध्ये कारखान्यात पुट्टीचा थर दिलेला असायचा. काही दशकांत त्यातलं तेल उडून जातं, पुट्टी कडक होते, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तिला भेगा पडतात. इंडियानाच्या हिवाळ्यात त्या भेगेत पाणी गोठून ती आणखी रुंदावते. मग पाणी स्क्रूच्या वाटेने लाकडात उतरतं, लाकूड कुजतं, स्क्रूची पकड जाते आणि खिडकी हलायला लागते.

अशा वेळी बहुतेक जण बाहेरून सिलिकॉन फासतात. आम्ही ते कधीच करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. पाणी वरच्या एखाद्या सांध्यातून आत येतच राहतं आणि सिलिकॉनने त्याची बाहेर पडायची वाट मात्र बंद होते. शिवाय सिलिकॉनवर दुसरं काहीही नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेलरवर सर्वांत जास्त वेळ हे जुनं सिलिकॉन खरवडण्यातच जातो. सुरुवातीच्या काळात लोक म्हणायचे, एक ट्यूब मारून द्या, एवढा खर्च कशाला. आम्ही त्यांच्यासमोर एक खिडकी काढून मागचं लाकूड दाखवायचो. टोकदार सळई बोटाच्या जोराने आत गेली की पुढचं बोलणं सोपं व्हायचं.

जुने स्क्रू बरेचदा क्लच-हेड असतात, त्यांच्या डोक्यावर डमरूच्या आकाराची खाच असते. त्याला वेगळा बिट लागतो. साधा पेचकस घातला तर खाच फाटते. स्क्रू निघाले की चौकट हळूच गरम करायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायची. लोखंडी पट्टी वापरली की मऊ पत्र्यावर ओरखडा उठलाच. पुट्टी आधी मिनरल स्पिरिटने पुसायची, नंतर अल्कोहोलने, बोटाला तेलकटपणा लागेनासा होईपर्यंत.

लाकडाचं काम आमच्याकडे एक आमिश सुतार बघतात. आमिश म्हणजे आधुनिक यंत्रं टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ; या भागात त्यांची मोठी वस्ती आहे आणि ट्रेलरच्या कारखान्यांतही ते पुष्कळ आहेत. आमच्या सुतारांना आम्ही आपसांत काका म्हणतो. ते सायकलवर येतात, कुजलेला तुकडा निरोगी लाकूड लागेपर्यंत कापतात आणि त्याच जाडीची नवी पट्टी सांधतात. जेवढं कुजलंय तेवढंच काढायचं, यावर त्यांचं आणि माझं एकमत आहे.

खिडकी परत बसवते मी स्वतः. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी, कडेला सगळीकडून लावायची, जोड नेहमी खालच्या बाजूला. स्क्रू स्टेनलेसचे, समोरासमोरचे थोडेथोडे आवळत न्यायचे. टेप चारी बाजूंनी सारखी बाहेर आली पाहिजे. थंडीत ब्यूटाइल कडक राहते, पसरत नाही, म्हणून हिवाळ्यात वर्कशॉप तापवूनच हे काम करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळायचं आणि मगच बाहेर आलेली टेप कापायची. शेवटी चौकटीच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची. बाबा पत्र्याचं छप्पर करताना पाणी कुठून बाहेर जाणार ते आधी ठरवायचे, मग बाकीचं. त्या भोकांपाशी मला ते हमखास आठवतात.

मग पाण्याची चाचणी. बागेचा साधा पाइप, दाब कमी, आणि सुरुवात खालून. नवरा बाहेर पाणी धरतो, मी आत टॉर्च घेऊन बसते. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. एका बाईंच्या शास्ता कंपनीच्या ट्रेलरची पुढची खिडकी दोन ठिकाणी दुरुस्त होऊन आमच्याकडे आली होती. खिडकीवर कितीही पाणी मारलं तरी आत थेंब नाही. पाइप छताजवळच्या छोट्या दिव्यापर्यंत नेला आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी सुरू झालं. दिव्याखालची पाणी अडवणारी गॅस्केट संपली होती. पाणी सांगाड्यावरून उतरून खिडकीपाशी दिसत होतं. आम्ही दिव्याचेच पैसे घेतले. त्या बाईंनी नंतर इतकी गिऱ्हाइकं पाठवली की त्या वर्षीचा हिवाळा कामाविना गेला नाही.

आता गाड्या लांबून येतात. हेर कंपनीच्या उघडझाप करणाऱ्या खिडक्या सर्वाधिक. त्यांच्या काचेभोवतीचं रबर अजून मिळतं. १९६६ ते १९६८ च्या एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरच्या वक्र काचा मात्र मिळणं फार कठीण, म्हणून काच शाबूत असेल तरच ते काम घेतो. कुणी नवं माणूस शिकायला आलं की आधी गावातल्या आरव्ही (म्हणजे ट्रेलर-मोटरहोमसारख्या गाड्या) हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात पाठवते. तिथे १९१३ चा अर्ल ट्रेलर आहे. त्याची बांधणी नीट बघून ये, मग पाना हातात घे, असं सांगते.

यंदाच्या हिवाळ्याची नोंदणी सुरू आहे. ट्रेलर आणायच्या आधी एवढंच करा: पलंगाखालचे आणि कपाटातले कोपरे हाताने दाबून बघा, मऊ लागतील तिथे खडूने खूण करा. आणि बाहेरून काहीही फासू नका.