वेगळी लाइन ओढली आणि हम वाढला

ॲम्पसाठी (ॲम्प्लिफायरसाठी) डीबीपासून, म्हणजे घराच्या वीज वितरण पेटीपासून, 4 चौरस मिमीची स्वतंत्र लाइन ओढून झाली, वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बसला, आणि सबवूफरमधला (खालच्या सुरांच्या स्पीकरमधला) हम, म्हणजे सतत येणारी गुणगुण, कमी होण्याऐवजी चांगलाच वाढला. जाड वायरीच्या स्वतंत्र लाइनने फायदा होईल असं मागच्या नोंदीत जे कौतुक केलं होतं, त्याचा हिशेब आधी चुकता करू.

डीबी ते पॉइंट अंतर 14 मीटर. तांब्याच्या 2.5 चौरस मिमी वायरचा रोध मीटरला साधारण 7.4 मिलिओहम, 4 चौरस मिमीचा 4.6. जाऊन-येऊन 28 मीटरला 207च्या जागी 129 मिलिओहम झाले. 3 अँपिअरवर व्होल्टेज 0.62ऐवजी 0.39ने पडतं. 230 व्होल्टात पाव व्होल्ट! ॲम्पला याचा पत्ताही लागत नाही. जुन्या पॉइंटचे ढिले स्क्रू आवळले आणि पकड गेलेलं सॉकेट बदललं, त्यानेच मधूनमधून येणारी करकर गेली. (भिंतीतल्या 14 मीटरनंतरच्या शेवटच्या दीड मीटरसाठी महागडी पॉवर केबल घेण्यापेक्षा घट्ट पकडीचं सॉकेट घ्यावं.)

आता हम. आधी तो कसला ते ओळखायचं. स्पेक्ट्रम ॲपमध्ये 100 हर्ट्झ आणि त्याच्या पटींचे उभे सुळके दिसले तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा डिमरकडे बघायचं. इथे सुळका ठळक 50 हर्ट्झचा, आणि सबची (सबवूफरची) आरसीए केबल, म्हणजे ॲम्पकडून सिग्नल आणणारी केबल, काढली की आवाज बंद. म्हणजे ग्राउंड लूप: अर्थच्या वायरींचं बंद वेटोळं आणि त्यात फिरणारा करंट. पण नवी लाइन टाकल्यावर तो वाढला का?

कारण ॲम्प नव्या लाइनवर गेला आणि सब जुन्याच पॉइंटवर राहिला. दोघांच्या अर्थच्या वायरी आता थेट डीबीपाशीच भेटतात. ॲम्पपासून डीबी, डीबीपासून सब, आणि परत केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या धातूच्या जाळीतून) ॲम्प, एवढं मोठं वेटोळं तयार झालं. जुन्या वायरिंगमध्ये दोन्ही पॉइंट एकाच सर्किटवर होते, म्हणून ते वेटोळं लहान होतं.

मोजणी अशी. दोन प्लगांत फक्त अर्थ पिनला वायर जोडायची, फेज-न्यूट्रलच्या पिना रिकाम्या ठेवायच्या आणि मधे मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावायचा. प्रोबमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर आडवा टाकल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका, नाहीतर मीटर हवेतलंच काहीबाही पकडतो. वाचन 4 मिलिव्होल्ट आलं. जुन्या सर्किटवरचा कॉम्प्युटर आणि वॉशिंग मशीन प्लगमधून काढल्यावर 2.6, म्हणजे त्यांच्या फिल्टरमधली गळती अर्थमध्ये उतरते. दोन्ही अर्थ वायरी आणि 0.1 ओहमची शील्ड मिळून लूपचा रोध 0.27 ओहम. 4 मिलिव्होल्टला साधारण 15 मिलिअँपिअर वाहतात आणि शील्डवर दीड मिलिव्होल्ट पडतो. गेन वर केलेल्या सबला 200 मिलिव्होल्टात पूर्ण आवाज मिळत असेल, तर हा हम त्याच्या जेमतेम 42 डेसिबल खाली. त्यात सबचा लो-पास (फक्त खालचे सूर सोडणारा फिल्टर) 50 हर्ट्झला अजिबात अडवत नाही.

अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कानावर हात ठेवा. इन्सुलेशन फुटलं की कॅबिनेटवर फेज येतो आणि परतीची वाट उरते ती आरसीएची शील्ड. शील्ड एका टोकाला तोडणं बॅलन्स्ड जोडणीत (सिग्नलच्या दोन वायरी आणि शील्ड वेगळी) चालतं. आरसीएमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वायर. सिग्नल ट्रान्सफॉर्मरने हम जातो, पण लहान कोरचा असेल तर 20–30 हर्ट्झला तो सॅच्युरेट होतो (कोरची चुंबकीय क्षमता संपते) आणि सबचं मुख्य कामच बिघडतं.

ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर देण्याआधी साधी गोष्ट करून बघितली: सबचं जोडणं नव्या लाइनच्या बोर्डावरच. ॲम्प 300 वॉट, सब 250, बाकी 40, म्हणजे 230 व्होल्टवर जास्तीत जास्त 2.6 अँपिअर, 6 अँपिअरच्या पॉइंटला काहीच जड नाही. अर्थमधला फरक 0.2 मिलिव्होल्टवर आला. हम गायब! सबला कान लावला तरी फक्त हलकी सळसळ.

हा आनंद दहा मिनिटं टिकला. सेट-टॉप बॉक्स जोडला आणि निम्मा हम परत. डिशची कोॲक्स केबल बाहेरून स्वतःचा अर्थ घेऊन येते. कोॲक्स आयसोलेटर लावावा तर त्यातून डीसी जात नाही, आणि एलएनबीला (डिशवरच्या रिसीव्हरला) तर डीसी लागतो. म्हणून बेत बदलला: बॉक्सपासून डॅकपर्यंत (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या यंत्रापर्यंत) ऑप्टिकल केबल. काच किंवा प्लास्टिकच्या तंतूत ग्राउंड नसतोच. लूप तिथेच तुटला.

उरली ॲम्पमधल्या टोरॉइडची, म्हणजे कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरची, गुरगुर. ती स्पीकरमधून नाही, थेट लोखंडातून येते, आणि हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर असतानाच. त्या वेळी हीटरला डायोडमधून अर्धीच लहर मिळते, त्यामुळे मेन्समध्ये थोडा डीसी शिरतो आणि टोरॉइडच्या कोरचं चुंबकत्व एका बाजूला झुकतं. त्यासाठी पुढचं काम डीसी ब्लॉकर, म्हणजे मेन्समधला डीसी अडवणारा डबा: 22,000 मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर उलटसुलट सिरीजमध्ये, त्यांना समांतर 35 अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, त्याचे प्लस-मायनस शॉर्ट. फ्यूजनंतर फेजमध्ये, अर्थ केलेल्या धातूच्या डब्यात; अर्थच्या वायरीत कधीच नाही. हा डबा ॲम्पच्या आतच बसवायचं ठरलं होतं, पण सबलाही टोरॉइडच आहे. म्हणजे बोर्डाच्या आधी एकच डबा पुरेल, फक्त एकूण करंट धरून कॅपॅसिटरचं रिपल रेटिंग (तो किती एसी करंट सोसतो) पुन्हा तपासायला हवं.