नोंद ७ : ऊर्जापट्टी गेली, तिथी आली

मागच्या नोंदीपर्यंत मी बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधली, म्हणजे या खेळातली खाडी, तिवरांचे बेट आणि जांभ्याची पडकी गढी एवढे उभे राहिले होते. त्यानंतरचे पाच आठवडे रूपबदलाच्या लढाईला दिले आणि त्यांतले निम्मे एकाच घोटाळ्यात गेले. खेळाडू माणूस, कुर्ली, ऊद आणि काकण (घाटावरच्या मंडळींसाठी : खेकडा, पाणमांजर आणि समुद्रगरुड) या रूपांत वावरतो. कुर्ली होऊन गढीच्या फटीत शिरायचे आणि तिथेच माणूस व्हायचे म्हटले, की देह चिऱ्यात अडके आणि गोडो इंजिन (ज्यावर हा खेळ चालतो ती प्रणाली) पुढच्याच क्षणी त्याला आभाळात भिरकावून देई. आता नव्या रूपाचा आकार त्या जागी मावतो का हे आधी तपासले जाते. मावत नसेल तर कुर्ली नुसती नांगी उगारते.

शत्रू म्हणून मगर घेतली आहे. चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेतच, त्यामुळे शोध लांब गेला नाही. जबडा वासल्यापासून चावा बसेपर्यंत ३० टिक, म्हणजे सेकंदाला ६० टिकांच्या हिशेबाने अर्धा सेकंद मिळतो. रूपबदलाला मी आधी २४ टिक दिले होते, त्यामुळे मगर पाहून बोट हलवायला ०.१ सेकंदच उरत होता, आणि तेवढ्यात कोणाचेच बोट हलत नाही. आता बदल १२ टिकांत होतो.

खरा पेच रूपबदलाच्या किमतीचा होता. सुरुवातीला ऊर्जापट्टी (रूप बदलले की रिकामी होणारी आणि मग सावकाश भरणारी) ठेवली होती, पण भाच्याने दोन दिवस खेळून विचारले, "मामा, पट्टी भरेपर्यंत मी झाडामागेच उभा असतो, मग मारामारी कधी करू?" तोडगा मासळीबाजारात सापडला. पौर्णिमेच्या सुमारास कुर्ल्या मागितल्या, तेव्हा मावशींनीच मला परतवले : "पुनवेची कुर्ली पोकळ असता, अवसेक येवा." पट्टी त्याच रात्री काढून टाकली. आता कुर्लीचे बळ तिथीवर चालते. अमावास्येला ती मगरीचा चावा झेलते, पौर्णिमेला एका फटक्यात फुटते.

खेळातला एक तास म्हणजे आपले एक मिनिट, त्यामुळे १२ तास २५ मिनिटांनी येणारी भरती १२ मिनिटे २५ सेकंदांनी येते. मात्र याच मापाने अमावास्या ते अमावास्या जवळजवळ बारा तास खेळावे लागते, आणि एवढी वाट कोणी पाहणार नाही. म्हणून काथ्याला हाताशी धरले. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात दगडाखाली दाबून खोपटीत निजले, की सात दिवस सरतात आणि बडवून सुंभ वळण्याजोगा काथ्या मिळतो. (प्रत्यक्षात सोडणे महिनोन्‌महिने कुजवावी लागतात, एवढी सवलत घेतली आहे.) होडी बांधायला अशा दोन खेपा लागतात, म्हणजे अमावास्येला कामाला लागलेल्याची होडी पाण्यात उतरते तेव्हा त्याची कुर्ली पोकळ झालेली असते. हे जुळून आले ते मी आखून केलेले नव्हते, पण आता ते मी सोडणार नाही.

भाच्याची नवी तक्रार अशी, की अष्टमीला कोरडी जागा पाहून खोपटी बांधली, सात दिवस निजला आणि उठला तो चुलीसकट कमरेएवढ्या पाण्यात. भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) बांधलेले उधाणात (पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीत) बुडणारच. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. तरीही खेळाडूला आधी खूण मिळायला हवी, म्हणून उधाणाचे पाणी जिथवर चढते तिथे वाळका पाला, शिंपले आणि फुटक्या करवंट्यांची रेघ काढायला घेतली आहे.