चिकटलेली नोट

आज दुकानात एका आजींनी तेलाचे पैसे देताना ५००च्या दोन नोटा एकमेकींना चिकटलेल्या दिल्या. गल्ला मोजताना लक्षात आलं. धावत जायचं सोडून मी ती नोट तराजूच्या मापाखाली ठेवली. लाइटबिल थकलंय. मग वाटलं, रविवारी चर्चमध्ये दानात टाकू की! मोह असाच येतो, भक्तीचं पांघरूण घेऊन. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ४थ्या अध्यायात सैतानानेही प्रभू येशूला मोहात पाडायला स्तोत्र ९१ मधलं वचनच म्हटलं होतं, आणि तेही प्रभूच्या ४० दिवसांच्या उपासानंतर.

अर्धा तास मी त्या मापाकडे बघत बसले. प्रार्थनासुद्धा धड सुचेना. शेवटी शटर अर्धं ओढून त्यांच्या घरी गेले. आजी गोधडी झटकून झटकून नोट शोधत होत्या.

प्रभू, त्या अर्ध्या तासाची क्षमा कर.