बॉलपेनने लिहिलेली सीडी

काल माळ्यावरच्या खोक्यात आमच्या भजनी मंडळाची सीडी सापडली. २००४ च्या सप्ताहातलं सत्तर मिनिटांचं रेकॉर्डिंग. वरच्या बाजूला, अगदी कडेला, माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘भजन, सप्ताह २००४’. बॉलपेनने.

त्या वर्षी मी कराडला मामांच्या सीडी लायब्ररीत बसायचो. गिऱ्हाइकानं सीडी परत आणली की आधी पालथी करून ट्यूबलाइटखाली चकचकीत बाजूचे चरे बघायचे. वरची बाजू कुणी बघतच नसे. माहिती चकचकीत बाजूलाच असणार, असं मीही धरून चाललो होतो.

आहे नेमकं उलटं. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर आणि ती जवळजवळ सगळी पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिकची. माहिती असते प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला, लेबलच्या लगेच खाली. तिच्यावर धातूचा पातळ मुलामा आणि लॅकरचा एक हात, बस्स. लेसर खालून येतो. प्लॅस्टिकमध्ये शिरताना त्याचा झोत पाऊण मिलिमीटरभर रुंद असतो, तो वर पोचेपर्यंत दोनेक मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपक्यावर येतो. म्हणून खालच्या धुळीचं त्याला फारसं काही वाटत नाही. चष्म्यावर कण असला तरी समोरच्या एसटीची पाटी वाचता येते, तसंच.

सीडीवरची माहिती एकाच, गोल गोल फेऱ्या घेत जाणाऱ्या रेघेवर लिहिलेली असते. कारखान्यात छापलेल्या सीडीत या रेघेवर अर्धा मायक्रॉन रुंदीचे खळगे असतात. त्यांची खोली अशी बेतलेली असते, की खळग्यातून परतणारा प्रकाश आणि भोवतालच्या सपाटीवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारतात आणि उजेड मंदावतो. खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. खरं म्हणजे खळग्याची कड आली की एक, पुढची कड येईपर्यंत सगळी शून्यं. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आम्ही दुकानात ‘राइट’ करायचो त्या कोऱ्या सीडीत खळग्यांऐवजी रंगाचा थर असतो, लेसरच्या उष्णतेनं त्यावर डाग पडतात. नियम तोच.

आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. ते सलग न लिहिता दूरदूर पेरलेले असतात, जोडीला पडताळणीचे जादा आकडे. त्यामुळे रेघेवर सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी गणितानं जसाच्या तसा भरून निघतो. पण बॉलपेनच्या टोकाखाली धातूच सुटला, तोही फेऱ्यामागून फेऱ्यांवर. काल सीडी दिव्यासमोर धरली, तर ‘भ’च्या गाठीतून उजेड आरपार येत होता.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे पहिली ६३ मिनिटं नीट कॉम्प्युटरवर उतरली. नानांचा पखवाज, मागून लहान मुलांचा गलका, सगळं. भैरवी सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला अडकली.

तेव्हा मी सहा कॉप्या वाटल्या होत्या. नावं सगळ्यांवर बॉलपेननेच घातली असणार, पण एखादीवर अक्षरं आत, भोकाजवळ असतील, तर तिच्यातली भैरवी शाबूत असेल. आळीतल्या कुणाकडे ती सीडी असेल तर कृपा करून फडक्यानं गोल गोल पुसू नका. गोल चरा रेघेच्या दिशेनंच जातो आणि तो भरून निघत नाही. आहे तशी ठेवा, मी घ्यायला येतो.