बोटीचे फोटो नंतर बघा, आधी जिना बघा

आमच्या सासूबाई आयुष्यात बोटीत बसल्या त्या एकदाच, भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमधे, आणि तेव्हाही पूर्ण वेळ बाबांच्या शर्टाची बाही धरून बसल्या होत्या म्हणे. त्यामुळे २०२५ च्या उन्हाळ्यात आईबाबा तासगावहून आमच्याकडे म्युनिकला येणार ठरलं आणि नवरा म्हणाला की क्रोएशियात आठवडाभर बोट घेऊ, तेव्हा मी त्याला वेड्यातच काढलं. ३ वर्षांचा मुलगा ज्याला पोहता येत नाही, ५ वर्षांची मुलगी जिला पोहता येतं असं फक्त तिला वाटतं, आणि आईंचे गुडघे!

पण मग आधीच्या वर्षीची इटली आठवली. दर दोन दिवसांनी बॅगा भरा, कारसीट काढा-बसवा, हॉटेलात लिफ्ट आहे का विचारा. बोटीत निदान घर आपल्याबरोबर फिरतं, पोरं दुपारी झोपली तर झोपली, कुणाचं काही अडत नाही. व्हिसाची भानगड पण नव्हती, क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमधे आहे (युरो हे चलनपण त्याच दिवशी आलं), त्यामुळे आईबाबांचा जर्मनीचा व्हिसाच चालला.

आम्ही घेतली गुलेट, म्हणजे ती लाकडी, दोन डोलकाठ्यांची, मूळ तुर्कस्तानातल्या बोद्रुमकडची. फोटो बघून बाबा म्हणाले, "अरे हे तर गलबत!" पोरांनी तोच शब्द उचलला, आठवडाभर गलबत गलबत. नेदरलँड्सहून दीर-जाऊ त्यांच्या लेकाला घेऊन आले, खर्च दोन घरांत वाटला. कॅप्टन, आचारी आणि दोन खलाशी बोटीबरोबरच येतात, आपण फक्त बसायचं.

आता मुद्द्याचं. सगळे एजंट फोटो पाठवतात ते डेकवरच्या गाद्यांचे आणि फळांच्या ताटांचे. मी तिसऱ्या दिवशी वैतागून लिहिलं की मला केबिनकडे उतरणाऱ्या जिन्याचा व्हिडिओ पाठवा, कुणीतरी खाली उतरून वर येताना. दोघांनी पाठवलाच नाही. एकाने पाठवला तर तो जिना म्हणजे अक्षरशः माळ्यावरची शिडी. शेवटी जी बोट घेतली तिला दोन्ही बाजूंना कठडा होता आणि आईंची केबिन पायऱ्या उतरल्या की लगेच. तसंच बंदरात बोट मागच्या बाजूने लागते आणि धक्क्यावर जायला एक फळी टाकतात, ती किती रुंद, तिला धरायला काही आहे का, हेही विचारा. एका एजंटने सगळं गोड गोड सांगितलं आणि जनरेटर रात्री बंद करतात, म्हणजे एसी बंद, हे मात्र मी चौथ्यांदा विचारल्यावर कबूल केलं. जुलैत, खालच्या केबिनमधे, दोन लहान पोरं. सोडून दिली ती बोट.

मुलांसाठी दोन गोष्टी आधीच लिहून मागितल्या: कठड्याला चारही बाजूंनी जाळी, आणि वजनाप्रमाणे लाइफ जॅकेट, पायांमधून पट्टा असलेलं, नाहीतर पोर पाण्यात पडलं की जॅकेट वर आणि पोर खाली. बोट चालू असताना जॅकेटशिवाय डेकवर यायचं नाही हा नियम कॅप्टनने पहिल्याच दिवशी सांगितला. माझं कधी ऐकत नाहीत, त्याचं ऐकलं.

पैशांचं नीट विचारून घ्या. भाडं दिसतं ते फक्त भाडं. जेवणाचं पॅकेज वेगळं, बंदराचे पैसे वेगळे, पर्यटन कर वेगळा, पेयं वेगळी, टीप वेगळी. मोठ्या यॉटवर तर भाड्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम खर्चासाठी आधीच जमा करायला लावतात आणि शेवटी हिशोब करतात.

मार्ग ठरवताना आम्ही आधी स्प्लिट शहरातून पार म्ल्येत बेटापर्यंत जायचं असं मोठं काहीतरी आखलं होतं. कॅप्टनने फोनवर एकच प्रश्न विचारला, धाकटा किती वर्षांचा? मग म्हणाला ब्राच, ह्वार, शोल्टा ही जवळची तीन बेटं बास. तिकडे उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा मायस्त्राल वारा सुटतो, लाटा उठतात, संध्याकाळी पडतो. म्हणजे नाश्ता झाला की निघायचं, जेवणाआधी कुठल्यातरी खाडीत नांगर टाकायचा. बिशेवो बेटावरची निळी गुहापण सोडली, तिचं तोंड जेमतेम दीड मीटर उंच, छोट्या होडीत वाकून आत जावं लागतं, आईंना कुठे वाकवता!

शनिवारी ५ तारखेला बोटीवर चढलो आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. आवडीनिवडीचा फॉर्म आधी भरून घेतात त्यात मी "६ जुलै, दोन माणसांचा उपवास" लिहिलं होतं, आचाऱ्याला वाटलं ही माणसं काहीच खाणार नाहीत. साबुदाणा आणि कूट म्युनिकहून नेलं होतं, रात्रीच भिजवून ठेवला. सकाळी मी त्याच्या टीचभर स्वयंपाकघरात खिचडी परतत होते आणि तो शेजारी उभा राहून बघत होता की पांढरे मणी काचेसारखे कसे होतायत. मग प्रेमाने ऑलिव्ह ऑइलची बाटली पुढे केली, वरून घालू का म्हणून. यावर आईबाबांची अर्धा तास चर्चा, उपवासाला चालतं का. शेवटी ऑलिव्ह हे फळ आहे म्हणून चालतं असं ठरलं, आणि आईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ह्वार शहरात गर्दी आणि फेरीबोटींच्या लाटा, म्हणून मुक्काम केला त्याच बेटावर स्तारी ग्रादला, शांत खोल खाडी. हे गाव ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३८४ मधे वसवलं आणि मागच्या शेतांचे त्यांनी आखलेले तुकडे, साधारण १८० बाय ९०० मीटरचे, दगडी बांधांसकट अजून तसेच आहेत, २००८ पासून जागतिक वारसा. बाबांची स्वतःची द्राक्षबाग. ते त्या बांधावरून चालत गेले, एका वेलीपाशी खाली बसले, खोड चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाले, "मांडव नाही, ठिबक नाही, गुडघ्याएवढी वेल, आणि हे चोवीसशे वर्षं करतायत." मग शांत झाले. पुढचा अर्धा तास आम्ही सगळे त्यांच्यामागे ऊन खात फिरलो, मुलगी खांद्यावर.

बाकी फुटकळ. समुद्रकिनारे खड्यांचे आहेत आणि खडकांवर काटेरी सी अर्चिन असतात, सगळ्यांना पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. बोटीच्या टॉयलेटमधे कागद टाकायचा नाही, हे पोरांना रोज सांगा. बीपीच्या गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. बोट लागणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या, गोळी मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच, आईंना इतर औषधं चालू होती म्हणून आम्ही विचारलं. चपला चढतानाच टोपलीत काढून ठेवतात, ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

आणि कपड्यांचे चिमटे न्या, भरपूर. आम्ही नेले नव्हते. बाबांचा पंचा दुसऱ्या दुपारी मायस्त्रालने उचलला, खलाशी छोटी होडी घेऊन मागे गेला, पण हात पोचायच्या आत बुडाला. आई म्हणाल्या, बरं झालं, जुनाच होता.