एका शिक्क्यासाठी सदतीस दिवस : आमच्या संघटनेच्या ऑडिटचा अनुभव

बँकेने एका कागदावर ३१ मार्चची ठेवीची शिल्लक लिहायची आणि खाली सही-शिक्का करायचा, एवढंच काम होतं. त्याला सदतीस दिवस लागले आणि त्या शाखेचा जिना मी सात वेळा चढले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

सांगलीतल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या एका संघटनेची मी खजिनदार आहे. सव्वादोनशे सभासद, त्यांची वार्षिक वर्गणी, वर्षातून तीन-चार कार्यशाळा आणि आधीच्या पिढीने जमवलेला इमारत निधी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, त्यामुळे दरवर्षी सीएकडून ऑडिट करावंच लागतं. मार्चअखेरपासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत.

पद घेताना मी एकच अट घातली होती : ऑडिटर बाहेरचा हवा. बरीच वर्षं कार्यकारिणीतल्याच एकांचे भाचे हिशेब तपासत होते. माणूस सज्जन, पैसेही फार घेत नसत. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३३ मध्येच आहे, की तपासणाऱ्याचा संस्थेशी कसलाही संबंध किंवा हितसंबंध असता कामा नये. बैठकीत कुरबुर झाली. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" असं एक ज्येष्ठ म्हणाले. मी म्हटलं, "सर, स्लॅबच्या काँक्रीटचे क्यूब आपण स्वतःच्या घरी तपासतो का? लॅबलाच पाठवतो ना!" ठराव मंजूर झाला आणि मिरजेच्या एका सीएंची नेमणूक झाली.

पावतीपुस्तकं, व्हाउचर, इतिवृत्ताची वही हे दोन दिवसांत उरकलं. सीए सरांच्या सहायकाने आल्या आल्या रोकड मोजायला मागितली, कारण तपासणीच्या दिवशी हातातली शिल्लक वहीशी जुळते का, हे अहवालात लिहावं लागतं. स्टीलच्या डब्यात २,३४० रुपये होते आणि वहीतही तेवढेच. एकच शेरा आला. हॉलच्या दुरुस्तीला १८ हजार खर्च केले होते, पण निविदा मागवल्या नव्हत्या. पाच हजारांवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, हेही ऑडिटरला अहवालात सांगावं लागतं. आम्ही रोज लोकांची टेंडरं भरणारी माणसं, आणि हे आम्हालाच माहीत नव्हतं.

मग सीए सरांनी आमच्या पॅनवरून २६एएस (कापलेला कर आणि त्यामागचं उत्पन्न दाखवणारा प्राप्तिकर खात्याकडचा तक्ता) काढला आणि विचारलं, "मॅडम, हे ७६ हजारांचं व्याज कुठं दाखवलंय?"

कुठंच नव्हतं. ताळेबंदात 'मुदत ठेव ५,००,०००' एवढी एकच ओळ २०१२ पासून दरवर्षी पुढे ओढली जात होती. ठेव आपोआप नूतनीकरण होणारी, व्याज मुद्दलात मिळवणारी. पैसे कोणी खाल्ले नव्हते, ते बँकेतच वाढत होते, पण आमच्या वहीला त्याचा पत्ता नव्हता. मूळ पावती गावभागातल्या आमच्या जुन्या ऑफिसच्या कपाटात होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी ओसरल्यावर त्या कपाटातून कागदांचा चिखल निघाला, त्यातच तीही गेली.

सीए सर म्हणाले, "बँकेचं शिल्लक प्रमाणपत्र आणा. आणि ते तुमच्या हातून नको, बँकेकडून थेट माझ्या पत्त्यावर येऊ दे." मला वाटलं, आठवड्याचं काम.

पहिल्या खेपेला बँकेने सांगितलं, विनंतीपत्रावर तुमची सही चालणार नाही, आमच्याकडे २०१२ च्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आहेत. दुसऱ्या खेपेला मी निवडणुकीचा ठराव नेला. तर म्हणे परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा आणा, त्यावर तुमची नावं दिसू देत. ती दिसणार कशी? पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट द्यायचा असतो आणि आमच्या आधीच्या दोन कार्यकारिणींनी तो दिलाच नव्हता. ही चूक सर्वस्वी आमची. पण आम्ही ठेव मोडायला आलो नव्हतो, पैसे काढायला आलो नव्हतो, फक्त आकडा मागत होतो. तिसऱ्या खेपेला मॅनेजर रजेवर. चौथ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. (कुठलाही अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. पहिल्या खेपेची पोच मी घेतली नव्हती, म्हणून बारा दिवस फुकट गेले.)

शेवटी ठरवलं, ज्यांच्या सह्या बँकेकडे आहेत त्यांच्याच आणायच्या. तेव्हाचे सचिव पुण्यात मुलाकडे असतात, त्यांनी सही करून पत्र कुरिअरने पाठवलं. तेव्हाचे अध्यक्ष, आमचे अण्णा, मिरजेत. वय ८४. त्यांनी टेबलावर कागद ठेवून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली. पाचव्या खेपेला ते पत्र परत आलं : सही जुळत नाही, त्यांना समक्ष आणा. सहाव्या खेपेला मी जाऊन विचारलं, अण्णांना जिना चढवणार नाही, कोणी खाली येईल का? उत्तर मिळालं नाही.

सातव्या खेपेला मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अण्णा चौथ्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू वर जा गं, मी इथंच आहे." मी वर गेले आणि मोठ्या आवाजात बोलले. त्याचं मला वाईट वाटत नाही. मग एक तरुण अधिकारी सहीचं कार्ड घेऊन खाली आली, पायरीवर त्यांच्याशेजारी बसली, आधार कार्ड पाहिलं, दोन सह्या घेतल्या. दहा मिनिटांत झालं.

पत्र चौथ्या दिवशी सीए सरांकडे पोचलं. मार्चअखेरची शिल्लक ११,६२,४०८ रुपये. २७ सप्टेंबरला अहवालावर सही झाली. सहीखाली अंक आणि अक्षरं मिळून अठरा खुणांचा युडीआयएन, म्हणजे त्या अहवालाचा ओळख क्रमांक असतो, तो चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. मी तपासला. तुम्हीही तपासा.

खजिनदार होणाऱ्यांनी २६एएस काढून वहीशी ताडून बघावा आणि शिल्लक प्रमाणपत्राचा अर्ज एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात द्यावा. मी ऑगस्टात दिला.

चेंज रिपोर्टचे कागद आता वकिलांकडे दिलेत. अण्णांनी बँकेच्या पत्राची झेरॉक्स मागितली होती. पाचशे-पाचशेच्या पावत्या फाडून त्यांनीच तो निधी उभा केला होता. रविवारी मिरजेला जाऊन मी ती त्यांच्या हातात दिली.